लिफ्ट नेमके किती वजन उचलते?

बहुमजली इमारतींतल्या बहुतेक लिफ्ट पोलादी दोरांवर चालतात. शाफ्टच्या माथ्यावर मोटरने फिरणारी, खाचा असलेली पुली असते. तिच्यावरून गेलेल्या दोरांच्या एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे लोखंडी किंवा काँक्रीटचे ठोकळे रचलेली चौकट, टांगलेली असते. दोर कुठेही गुंडाळले जात नाहीत. खाचांतल्या घर्षणामुळेच ते पुलीबरोबर सरकतात.

सारी हुशारी काउंटरवेटच्या वजनात आहे. रिकाम्या केबिनच्या वजनात लिफ्टच्या क्षमतेचा साधारण निम्मा भार मिळवून ते ठरवतात. केबिनमध्ये ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ अशी पाटी आहे आणि रिकामी केबिन ९०० किलोंची आहे असे धरू. काउंटरवेट ११७२ किलोंचे होईल. चौघे आत असले की दोन्ही पारडी सारखी. केबिन पूर्ण भरली तरी मोटरला २७२ किलोंचाच फरक पेलायचा असतो. केबिन रिकामी असली की तेवढाच फरक उलट बाजूला पडतो. म्हणूनच रिकामी लिफ्ट वर पाठवायला नव्हे, खाली आणायला मोटरला जोर लावावा लागतो.

जुन्या धाटणीच्या लिफ्टमध्ये मोटर आणि पुली यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो. उंच इमारतींतल्या वेगवान लिफ्टमध्ये पुली थेट मोटरच्या दांड्यावर बसवतात. फिनलंडच्या कोने कंपनीने १९९६ मध्ये चपटी, गिअर नसलेली मोटर शाफ्टमध्येच बसवली आणि गच्चीवरच्या मशीनरूमची गरज संपवली.

हायड्रॉलिक लिफ्टची रीत वेगळी. पंप सिलिंडरमध्ये तेल दाबतो, दट्ट्या वर सरकतो आणि केबिन उचलली जाते. उतरताना पंप बंद असतो. झडप उघडून तेल टाकीत परत सोडले की केबिन स्वतःच्याच वजनाने खाली येते. यात सहसा काउंटरवेट नसल्याने चढताना वीज जास्त लागते, वेगही कमी असतो. चार-पाच मजल्यांपर्यंत ही पद्धत सोयीची.

दोर तुटला तर काय, याचे उत्तर एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दिले. ते उभे असलेल्या फळीचा दोर सर्वांसमोर कापला गेला आणि फळी जागीच अडकली. १८५७ मध्ये त्याच शहरातल्या एका दुकानात त्यांची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. आज हे काम गव्हर्नर करतो. केबिनचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो खटका ओढतो आणि केबिनखालच्या पाचरी दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट आवळतात. मोटरचा ब्रेकही उलट्या युक्तीचा आहे: वीज लागते ती ब्रेक सोडवायला, लावण्याचे काम स्प्रिंग करते. वीज गेली की लिफ्ट पडत नाही, थांबते. शिवाय दोर एक नसून अनेक असतात.

त्यामुळे लिफ्ट कोसळण्याची भीती बहुतांशी अनाठायी आहे. खरा धोका दारापाशी असतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या केबिनमधून उडी मारताना माणूस तिच्याखालच्या मोकळ्या शाफ्टमध्ये पडू शकतो. केबिन हवाबंद नसते, आत गुदमरायला होणार नाही. दार ताकदीने उघडू नये. अलार्मचे बटण दाबावे आणि जाणकार माणूस येईपर्यंत आतच थांबावे.