वैनगंगेतलं बेट आणि हवेची बोट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या नकाशावर समुद्र शोधून सापडायचा नाही; बेट मात्र सापडतं. ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज हे गाव वैनगंगेच्या पात्रात वसलंय. चारही बाजूंनी नदी. बाजार, दवाखाना, तहसील कचेरी सगळं पलीकडच्या थडीला. कोकणात पर्यटक पैसे मोजून बेटावर जातात. लाडजच्या माणसाची सफर उलटी, बेटावरून जमिनीकडे, आणि तीही हौसेखातर नव्हे. वर्षानुवर्षं ही ये-जा नावाड्याच्या भरवशावर चालत आली.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मात्र नावाड्याचंही काही चालेना. मध्य प्रदेशातल्या पावसानं संजय सरोवर भरलं, तिथून सोडलेलं पाणी खाली उतरलं, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगाकाठची गावं पाण्याखाली गेली. त्यात लाडजही होतं. अशा वेळी या भागात जी वस्तू दिसते ती म्हणजे रबरी बोट. ट्रकमधून गुंडाळून येते, काठावर फुगवली जाते, मागं इंजिन चढतं आणि पाच-दहा माणसं घेऊन निघते.

दक्षिणेकडे भामरागडला हे दृश्य जवळजवळ दर पावसाळ्यात दिसत आलंय. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या तिथं मिळतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढं सरकायला जागा राहत नाही. ते मागं तुंबतं, बाजारपेठेत शिरतं आणि आलापल्लीकडचा रस्ता तुटतो. मग काही दिवस तालुक्याचं गाव स्वतःच बेट होऊन बसतं.

ही बोट दिसायला खेळण्यासारखी असली, तरी बनावट हुशारीची आहे. कडेची फुगीर नळी आतून एकसंध नसते. पडदे घालून तिचे तीन, चार किंवा पाच कप्पे केलेले असतात. काटा घुसून एक कप्पा बसला, तरी उरलेले माणसांना तरंगतं ठेवतात. तळ सपाट असल्यामुळं गुडघाभर पाण्यातही ती चालते. कापड साधं रबर नसून रबराचा किंवा प्लास्टिकचा लेप दिलेलं मजबूत विणकाम असतं. आतला दाब तर नवख्याला खोटा वाटेल इतका कमी, मोटारीच्या टायरच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा.

दाब कमी असल्यामुळंच चंद्रपूरच्या उन्हाचा हिशेब ठेवावा लागतो. सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात टम्म फुगवलेली बोट सत्तावीस अंशांच्या पाण्यात लोटली, की आतली हवा आकसते. वीस अंशांच्या या फरकानं नळीतला जवळजवळ तिसरा हिस्सा दाब उतरतो. बोट मधून वाकायला लागते, इंजिनाचा जोर पुढं पोचत नाही. उलट, पाण्यात घट्ट भरलेली बोट दुपारी वाळूवर ओढून ठेवली तर शिवण उसवायची भीती. म्हणून जाणता माणूस बोट पाण्यात उतरवल्यावर पुन्हा एकदा पंप लावतो आणि काठावर आणताना थोडी हवा सोडतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. हाताला कळायला उन्हाळा काढावा लागतो.

खरी परीक्षा धारेची. नदी ओलांडताना बोटीचं नाक पलीकडच्या घाटाकडे सरळ धरलं तर बोट घाटाच्या कितीतरी खाली जाऊन लागते. नाक धारेविरुद्ध, जरा तिरपं ठेवायचं. इंजिनानं धारेला तोलून धरायचं आणि नदीलाच आपल्याला आडवं सरकवू द्यायचं. ढिवर समाजातले नावाडी बांबूनं आणि वल्ह्यानं पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत. ते आधी काठाकाठानं वरच्या अंगाला चढतात आणि मग धारेला लागतात. डोह कुठं, भोवरा कुठं, यंदा वाळूचा दांडा कोणत्या बाजूला सरकलाय, हे त्यांना तोंडपाठ. नागपूर किंवा पुण्याहून आलेल्या पथकाकडं यंत्र असतं, शिस्त असते, जॅकेट असतं; ही माहिती नसते. पुरात तर पाण्याखाली बुडालेल्या शेताचं काटेरी कुंपण असतं, वरून ओंडके वाहत येत असतात, मासेमारीचं जाळं पंख्यात अडकतं. पथकाच्या बोटीत गावचा एक नावाडी वाट दाखवायला बसला, तर त्या बोटीची किंमत दुप्पट होते. हे प्रत्येक तालुक्यानं पावसाळ्याआधीच ठरवून ठेवायला हवं.

शिकायचं तर पाणी पायरीपायरीनं वाढवत न्यावं. याचं जगातलं गाजलेलं उदाहरण फ्रान्सच्या आलें बोंबार या डॉक्टरचं. जहाज बुडाल्यावर माणूस समुद्राच्याच आधारावर तगू शकतो, हे त्याला दाखवायचं होतं. साडेचार मीटरहून जरा लांब अशा फुगीर बोटीतून त्यानं १९५२ साली अटलांटिक ओलांडला. कॅनरी बेटांवरून ऑक्टोबरात निघून डिसेंबरात तो बार्बाडोसला लागला. गोष्ट सांगताना लोक एवढंच सांगतात. पण त्याच वर्षी मे महिन्यात तो मोनॅकोहून एका जोडीदारासह भूमध्य समुद्रात उतरला होता, बॅलेआरिक बेटांपर्यंत गेला होता, मग टँजियर, कासाब्लांका असे टप्पे घेत कॅनरीला पोचला होता. जोडीदार टँजियरलाच थांबला. महासागर ही त्याची पहिली सफर नव्हतीच. समुद्राचं पाणी पिऊन तगण्याविषयीचं त्याचं म्हणणं डॉक्टरांनी पुढं मान्य केलं नाही. टप्प्यांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही.

झाडीपट्टीत असे टप्पे निसर्गानं आणि जुन्या मालगुजारांनी आयतेच करून ठेवलेत. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी भागातले मामा तलाव ही पहिली इयत्ता. तिथं धार नाही, काठ जवळ. बोट मुद्दाम उलटी करून पुन्हा सरळ करायची, पाण्यातून आत चढायचं, इंजिन बंद पडलंय असं धरून नुसत्या वल्ह्यावर काठ गाठायचा. हा सराव तलावातच करावा. घोडाझरीसारखा मोठा जलाशय ही पुढची इयत्ता, कारण तिथं वारा भेटतो. हलकी, उंच कडांची बोट वाऱ्यावर पतंगासारखी वाहते, आणि जाताना पाठीशी असलेला वारा परतताना तोंडावर येतो; इंधन मोजताना नवखे इथंच फसतात. त्यानंतर हिवाळ्यातली वैनगंगा. पुराचं पाणी सगळ्यात शेवटी, आणि तेही जाणत्याच्या सोबतीनं.

हिवाळ्यातली नदी म्हणजे निर्धोक नदी, असं मात्र समजू नये. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या मजूर महिलांची नाव वैनगंगेत उलटली. सहा जणींचा जीव गेला. ना पूर होता, ना पाऊस. रबरी बोट पुरात येते आणि पूर ओसरला की परत जाते. मजुरी वर्षभर असते. बचावाच्या साधनांचं सगळं नियोजन जून ते सप्टेंबर या चार महिन्यांभोवती फिरतं, यात काहीतरी चुकतंय. घाटावर अंगात घालायची जॅकेटं आणि नावेत किती माणसं बसवायची याचा काटेकोर नियम, या दोन गोष्टींना कोणतंही इंजिन लागत नाही.

ज्याला नदीवर तयार होऊन समुद्री बेटांकडे, खांदेरीकडे किंवा सुवर्णदुर्गाकडे, जायचंय त्याला तिथं काही गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतील. नदी एकाच दिशेनं नेते. समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून चार वेळा दिशा बदलते. सकाळी जिथं बोट लावली तिथं दुपारी नुसते खडक उघडे पडलेले असतात. उन्हाळ्याकडं झुकताना दुपारनंतर समुद्रावरचा वारा जोर धरतो, म्हणून कोकणातले जाणते लोक सकाळीच जाऊन येतात. बेटाच्या आडोशाचं पाणी आणि पलीकडचं उघडं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हंगामही उलटा आहे. जूनमध्ये किनाऱ्यावर लहान बोटी ओढून शाकारल्या जातात, प्रवासी वाहतूक थांबते, मासेमारीला बंदी लागते. नेमक्या त्याच महिन्यात गडचिरोलीच्या गोदामांतून रबरी बोटी बाहेर निघतात, कप्पे तपासले जातात, पंप आणि इंजिनं चालवून पाहिली जातात.