सर्वेतला १७ नंबर कुठे गेला?

पायलट सर्वेसाठी आम्ही तिघं कल्याण स्टेशनबाहेर, पश्चिमेला उभे होतो. लोकलने रोज जाणाऱ्यांना पाच मिनिटं थांबवायचं, कागदी संमतीपत्रावर सही घ्यायची आणि उत्तरं मोबाईल अ‍ॅपमध्ये भरायची. गर्दीत नेट मधेच गेलं, पण अ‍ॅप उत्तरं फोनमध्ये ठेवतं आणि रेंज आली की क्लाउडवर पाठवतं, म्हणून आम्ही निर्धास्त. रात्री मोजलं तर क्लाउडवरचे रेकॉर्ड संमतीपत्रांपेक्षा कमी. एरर मात्र एकही नाही!

चूक माझीच होती. आयडी मी क्रमाने ठेवला होता: अ‍ॅपने शेवटचा नंबर बघायचा आणि त्यात एक मिळवायचा. नेट गेलं तेव्हा तिन्ही फोनवर शेवटचा नंबर १६ होता. मग तिघांनीही १७ बनवला, १८ पण बनवला. फायरस्टोअरमध्ये एकाच आयडीवर पुन्हा 'सेट' केलं की नंतरचा रेकॉर्ड आधीच्याच्या जागी बसतो, गुपचूप. ट्रान्झॅक्शनने क्रम सांभाळता येतो, पण ती ऑफलाइन चालत नाही. म्हणजे नेमकी अडचणीच्या वेळी उपयोगाची नाही.

त्यापेक्षा फायरस्टोअरला स्वतःच आयडी बनवू द्या. तो २० अक्षरी, रँडम असतो आणि फोनवरच तयार होतो. सर्व्हरला विचारावं लागत नाही. प्रत्येक जागी ६२ चिन्हांपैकी एक, म्हणजे एकूण शक्यता सुमारे ७ वर ३५ शून्यं. "पण दोन फोनवर सारखाच आला तर?" गणिताने येऊ शकतो, व्यवहारात विसरा. मात्र लांबी कमी करू नका. सहा आकडी रँडम नंबरला दहा लाख शक्यता असतात, तरी साधारण १,१८० लोकांतच कुठेतरी टक्कर व्हायची शक्यता निम्मी होते. वर्गात २३ जण असले की दोघांचा वाढदिवस जुळायची शक्यता निम्मी होते ना, तेच गणित.

मोबाईल नंबरच आयडी म्हणून वापरायचा मोह होतो. नको. नंबर बदलतो, घरात दोघं एकच फोन वापरतात, आणि तुमचा 'निनावी' डेटा निनावी राहत नाही. साधा हॅश करूनही सुटका नाही: दहा आकडी नंबर जास्तीत जास्त हजार कोटी, सगळ्यांचे हॅश लॅपटॉपवर काढून जुळवता येतात.

आधारचं उदाहरण इथे कामाचं आहे. पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्या १२ आकड्यांत जिल्हा, जन्मसाल असं काही दडलेलं नसतं. शेवटचा आकडा मात्र वेरहोफ पद्धतीने काढलेला तपासणी-अंक असतो. लिहिताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर तो लगेच पकडतो. संमतीपत्रावर २० अक्षरं हाताने कोण लिहिणार? म्हणून आता कागदावर आधीच छापलेला, तपासणी-अंक असलेला छोटा कोड असतो. अ‍ॅपमध्ये तो वेगळ्या रकान्यात जातो; रेकॉर्डचा खरा आयडी रँडमच.

त्या दिवशीच्या १७ नंबरची संमतीपत्रं तीन आहेत आणि उत्तरांचा संच एक. ती उत्तरं तिघांपैकी कोणाची, हे आता सांगता येत नाही. टक्कर झालेले असे सगळे नंबर मी विश्लेषणातून काढले, आणि किती काढले, का काढले, ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात लिहिलंय.