कमी खर्चात चांगला रंधा: किंमत कशाची आणि पारख कशी

लाकूड सपाट, सरळ आणि गुळगुळीत करणाऱ्या रंध्याच्या किमतीत जेवढी तफावत आढळते, तेवढी सुतारकामातील इतर हातहत्यारांच्या बाबतीत क्वचितच आढळते. अमेरिकेच्या मेन राज्यात १९८१ साली सुरू झालेल्या ली-नील्सन या कंपनीच्या चार क्रमांकाच्या रंध्याला तीनशे डॉलरांहून अधिक मोजावे लागतात, तर त्याच मापाचा आणि दिसायलाही जवळजवळ तसाच भारतीय बनावटीचा लोखंडी रंधा हार्डवेअरच्या दुकानात त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळतो. हौसेने सुतारकाम शिकू पाहणारा माणूस यापैकी स्वस्त रंधा घरी आणतो, लाकडावर चालवतो, पाते अडकते, लाकडाचे तंतू उपटून निघतात, आणि दोष आपल्या हाताचा आहे अशी समजूत करून घेऊन तो काम सोडून देतो. खरे पाहता बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो आणि हत्यारही टाकाऊ नसते. कारखान्यात व्हायला हवे होते ते काम अर्धवट राहिलेले असते आणि ते पुरे करणे ग्राहकाच्या आवाक्यात असते.

हे समजण्यासाठी रंध्याची रचना पाहणे आवश्यक आहे. आज सर्वत्र दिसणारा लोखंडी रंधा हा लेनर्ड बेली या अमेरिकी कारागिराच्या कल्पनेतून उतरलेला असून त्याचे हक्क कनेक्टिकटमधील स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९ साली विकत घेतले. बिडाच्या सपाट तळाला एक आडवी फट असते, तिला रंध्याचे तोंड म्हणतात; तोंडामागे ‘फ्रॉग’ नावाचा तिरपा ओतीव भाग स्क्रूने बसवलेला असतो आणि त्यावर पाते ४५ अंशांत टेकते. पात्याच्या पाठीवर ‘चिप ब्रेकर’ ही वाकलेली पट्टी आणि तिच्यावर सर्व काही दाबून धरणारी ‘लिव्हर कॅप’ असते; मागची पितळी चक्री फिरवली की पाते खाली-वर होते आणि वरच्या दांडीने ते डावी-उजवीकडे सरकते. ही रचना पुढे शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीने उचलली, भारतीय उत्पादकांनीही तिचेच अनुकरण केले, आणि त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या रंध्यात आजचे पाते सहसा बसते, ही गोष्ट काटकसरीने खरेदी करणाऱ्याला फार मोलाची आहे.

महागड्या रंध्यात पैसे पडतात ते मुख्यत्वे तळ आणि फ्रॉग अचूक घासून सपाट करण्याचे, जाड पात्याचे आणि त्याला नीट पाणी दिल्याचे, म्हणजे पोलाद तापवून व थंड करून योग्य कठीणपणा आणल्याचे. स्वस्त रंध्यात नेमकी याच ठिकाणी घाई झालेली असते. तळ मधोमध किंचित खोलगट राहतो, पाते फ्रॉगवर पूर्ण न टेकता काम करताना थरथरते, चिप ब्रेकरची कड पात्याला नीट चिकटत नाही आणि मधल्या फटीत लाकडाचे छिलके अडकून बसतात. यातील बहुतेक उणिवा काच, सँडपेपर, कानस आणि दोन-तीन संध्याकाळींचे कष्ट यांनी दूर होतात; पाते मात्र मऊ पोलादाचे निघाले तर ते बदलण्यावाचून उपाय नसतो. म्हणून मर्यादित पैसा असणाऱ्याने रंध्याच्या सांगाड्यावर कमी आणि पाते व धार लावण्याचे दगड यांवर अधिक खर्च करावा, हेच व्यवहाराला धरून आहे.

जुना रंधा घेणे हा त्याहूनही चांगला मार्ग आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे स्टॅन्ली आणि त्याच सुमाराचे रेकॉर्ड रंधे जाणकार सुतार आजही पसंत करतात, आणि अमेरिका व इंग्लंडमधील जुन्या वस्तूंच्या बाजारात ते अजूनही वाजवी किमतीत सापडतात. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार येथेही चिकाटीने शोधणाऱ्याला जुने लोखंडी रंधे अधूनमधून हाती लागतात. मात्र येथे नाव आणि वय यांपेक्षा अवस्था महत्त्वाची ठरते, आणि ती पारखताना दुरुस्त होणारे दोष व न होणारे दोष असा भेद मनात स्पष्ट हवा.

वरवरचा तांबेरा पाहून कोणी माघार घेऊ नये, कारण रॉकेल आणि तारेचा ब्रश यांनी तो निघून जातो. मुठीला गेलेला तडा सरसाने सांधता येतो, नाहीतर शिसवाची नवी मूठ घडवता येते. पण बीड ठिसूळ असते. रंधा एकदा फरशीवर पडला की तोंडाच्या कोपऱ्यातून बाजूच्या भिंतीत बारीक चीर जाते आणि ती काळ्या मळाखाली सहज लपते. यासाठी पाते व फ्रॉग काढायला लावून तोंडाचे चारही कोपरे फडक्याने पुसून उजेडात धरावेत, आणि चीर दिसली तर किंमत कितीही कमी असली तरी रंधा परत ठेवावा. पाते उलटे करून त्याची सपाट पाठ तपासावी: धारेजवळ गंजाने खोल खड्डे पडले असतील तर तेथे कधीही अखंड धार येणार नाही, कारण धार ही दोन गुळगुळीत पृष्ठांच्या भेटीतूनच तयार होते. पात्याच्या टोकाला निळसर-जांभळी झाक असेल तर कोणीतरी ग्राइंडरवर ते जाळून त्याचे पाणी उतरवले आहे असे समजावे. स्क्रू सगळे आहेत ना, हेही मोजून घ्यावे. स्टॅन्लीच्या कित्येक स्क्रूंचे आटे प्रचलित मापांचे नसल्याने हरवलेला स्क्रू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

पहिला रंधा कोणता घ्यावा याविषयी मतभेद आहेत, तरी पाच क्रमांकाचा, म्हणजे सुमारे चौदा इंच लांबीचा जॅक रंधा हेच सर्वांत समंजस उत्तर दिसते. नऊ-साडेनऊ इंचांचा चार क्रमांकाचा रंधा शेवटचा हात फिरवण्यासाठी असतो, बावीस इंचांचा सात क्रमांकाचा रंधा लांब फळीची कड सरळ करतो, आणि जॅक या दोहोंची कामे बऱ्याच अंशी निभावून नेतो. त्याच्यासाठी दोन पाती ठेवावीत: एकाची धार किंचित गोलाकार घासलेली, जी ओबडधोबड फळीवरून जाड छिलके काढते, आणि दुसऱ्याची सरळ, गुळगुळीत कामासाठी. ज्यांना एवढाही खर्च जड वाटतो त्यांनी पाचर ठोकून पाते बसवलेल्या लाकडी रंध्याला कमी लेखू नये. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडील दारे-चौकटी त्याच्यावरच घडल्या, फक्त हातोडीने पाते बसवण्याचा सराव हवा.

घरी आणलेल्या रंध्याचा तळ सपाट करताना जाड काचेवर सँडपेपर चिकटवावा आणि पाते जागेवर बसवून पण धार आत ओढून घेऊन रंधा घासावा, कारण लिव्हर कॅपच्या दाबाने सांगाडा सूक्ष्म वाकतो आणि काम करताना असतो तोच आकार सपाट व्हायला हवा. तळावर पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या की कोठे घासले जाते ते कळते. पूर्ण तळ आरशासारखा करण्याची गरज नाही. पुढचे टोक, मागचे टोक आणि तोंडाच्या लगतची पट्टी एका पातळीत आली की पुरे. पात्याला साधारण २५ अंशांचा उतार आणि टोकाशी ३० अंशांची बारीक धार ठेवावी, आणि दगडावर घासताना मागे वळलेली पोलादाची कंगोरी पाठ सपाट धरून काढून टाकावी.

चिप ब्रेकरची मांडणी बहुतेक नवशिक्यांकडून दुर्लक्षित राहते. जपानमधील यामागाता विद्यापीठात झालेल्या चित्रीकरणात असे स्पष्ट दिसले की ही पट्टी धारेच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या काही दशांश अंतरावर आणली तर कापला जाणारा छिलका लगेच वर दुमडतो आणि लाकडाच्या पोटात चीर पुढे धावत नाही. उलट्या रेषेच्या सागावरही मग तंतू उपटले जात नाहीत. या मांडणीला एक पैसाही लागत नाही. खरखरीत कामासाठी हेच अंतर मिलिमीटर-दीड मिलिमीटर ठेवावे, नाहीतर जाड छिलक्यांना वाट मिळत नाही आणि तोंड तुंबते. ही दोन्ही कामे जॅकवर नित्य जमू लागल्यावर एका हातात मावणारा लहान ब्लॉक रंधा घ्यावा, जो कडा मोडण्यासाठी आणि फळीचे आडवे टोक साफ करण्यासाठी उपयोगी पडतो; सात क्रमांकाचा लांब रंधा मात्र टेबलाएवढ्या लांबीच्या फळ्या जोडण्याचे काम खरोखर समोर येईपर्यंत थांबू शकतो.