आज्ञापालन आणि विवेक : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारातील एक वाद

ख्रिस्ती जीवनात आध्यात्मिक अधिकाराची आज्ञा कोठवर पाळावी आणि तिची पारख करण्याचा हक्क श्रद्धावंताला आहे काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. नव्या करारात त्याची दोन्ही अंगे आढळतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पुढाऱ्यांच्या अधीन राहण्याचा उपदेश आहे. उलटपक्षी, प्रेषितांच्या कृत्यांत खुद्द पौलाची शिकवण शास्त्राशी ताडून पाहणाऱ्या बिरुया येथील श्रोत्यांची प्रशंसा आहे. या दोहोंतील ताण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रव्यवहारात विशेष स्पष्टपणे दिसतो. जेराल्डिन यांनी संकलित केलेली ही इंग्रजी पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनीसंघाची स्थापना १८४८ मध्ये झाली होती. बिशपांचा अधिकार प्रेषितांपासून अखंड परंपरेने चालत आला आहे, असे मानणाऱ्या अँग्लिकन विचारप्रवाहातील हा संघ होय. त्यामुळे जेराल्डिन यांच्या दृष्टीने बिशपांची आज्ञा पाळणे ही केवळ शिस्त नव्हती, तर तो श्रद्धेचाच भाग होता. त्या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या आणि रमाबाई त्यांना आपुलकीने ‘आजीबाई’ म्हणत. हा वाद परक्यांतला नव्हता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याची तीव्रता कळत नाही.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, असा विचार निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. रमाबाईंचे उत्तर मार्मिक होते : स्त्रीने तरुणांना शिकविण्यास आपल्या वडिलांनी वा पतीनेही कधी आक्षेप घेतला नव्हता, मग तो इंग्लंडातील लोकांनी घ्यावा, याचे त्यांना नवल वाटले. पुढे त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथनेशियसच्या नावाने रूढ असलेला मतांगीकार यांविषयीही मतभेद झाले. जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितवर्गाचे जू महत्प्रयासाने उतरविल्यावर दुसऱ्याचे जू मानेवर घेण्यास आपण तयार नाही. सदसद्विवेकबुद्धी ही देवानेच दिलेली आहे आणि तिचा उपयोग करणे हे कर्तव्यच आहे.

ही वृत्ती म्हणजे अधिकाराचा सरसकट नकार नव्हे. देवाची आज्ञा बंधनकारक आहे, याविषयी रमाबाईंना शंका नव्हती. अमुक एक आज्ञा देवाची आहे की ती सांगणाऱ्याची, एवढाच त्यांचा प्रश्न होता; आणि त्याचा निर्णय पदावरून नव्हे, तर प्रमाणावरून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. या आग्रहाचे मूळ केवळ पाश्चात्त्य व्यक्तिवादात शोधणे चुकीचे ठरेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला होता. त्यांनी सभेचा अधिकार झिडकारला नाही. शास्त्रवचने काढून आपली बाजू सिद्ध केली. शास्त्रार्थाची हीच रीत कन्येने वाँटेजला नेली, असे म्हणता येईल.

तथापि जेराल्डिन यांची चिंता निराधार म्हणता येणार नाही. प्रत्येकाने स्वतःच्या बुद्धीलाच अंतिम न्यायाधीश केले, तर विवेक कोणता आणि हट्ट कोणता, हे कसे ओळखावे? या पत्रव्यवहारावरून त्याच्या दोन कसोट्या सुचतात. विवेकी मनुष्य कारणे मागतो, तशी आपलीही कारणे उघडपणे मांडतो. आणि मतभेद झाला तरी नाते तोडत नाही. रमाबाई पुढे स्वतंत्र मार्गाने गेल्या, परंतु मनोरमेच्या शिक्षणासाठी त्यांनी वाँटेजच्याच भगिनींवर विश्वास ठेवला.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाई स्वतःच शेकडो स्त्रियांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक झाल्या. तेव्हा अधिकार त्यांच्या हाती होता आणि आज्ञा पाळणाऱ्या इतर होत्या. अशा स्थितीत त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे कशासाठी वेचली, हे पाहणे उद्बोधक आहे. हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून त्यांनी सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. ज्याच्या हाती प्रमाणग्रंथच नाही, त्याला पारख करता येत नाही. त्याला केवळ आज्ञा पाळता येते. आपल्या अनुयायांच्या हाती पारखण्याचे साधन देणारा अधिकारच आज्ञापालनाची अपेक्षा करण्यास पात्र ठरतो, हा या वादाचा निष्कर्ष होय.