एसीएलची मेमरी: जिथून घेतली तिथेच परत द्या

आजचा विषय सी प्रोग्रामिंगमधला. छोटाच आहे, पण त्याने माझी एक अख्खी रात्र खाल्ली होती.

लिनक्सवर फाइलच्या परवानग्या तिघांसाठी असतात: मालक, ग्रुप आणि बाकीचे. पण ‘या एका माणसालाही वाचू दे’ म्हणायचं असेल, तर लागते अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजेच एसीएल.

ही यादी आधी मेमरीत बनते. त्यासाठी एसीएल_इनिट हे फंक्शन. त्याला नोंदींचा आकडा द्यायचा. एकाच माणसाची भर असेल तर 5: मालक, ग्रुप, बाकीचे, तो माणूस आणि मास्क. नावाची नोंद आली की मास्क लागतोच. हा आकडा कमाल नाही बरं का, किमान तेवढी जागा मिळते. मेमरी नसेल तर नल परत येतो, तो तपासायचाच.

पुढची नोंद एसीएल_क्रिएट_एंट्रीने. इथे यादीच्या व्हेरिएबलला अँपरसँड लावावा लागतो. का? समजा, साखरपुडा शहापूरला घरच्या अंगणात ठरला. पाहुणे वाढले, म्हणून मुरबाडचा हॉल घेतला. जुना पत्ता घेऊन आलेला रिकाम्या अंगणात उभा राहणार! तसंच, जागा अपुरी पडली तर लायब्ररी यादी दुसरीकडे हलवू शकते. नवा पत्ता ती तुमच्या व्हेरिएबलमध्येच लिहिते. म्हणून जुन्या पत्त्याची कॉपी जपून ठेवू नका.

काम झालं की एसीएल_फ्री. साधं फ्री वापरू नका. लिनक्सच्या लायब्ररीत आपल्याला मिळालेल्या पत्त्याच्या आधी तिची स्वतःची थोडी माहिती असते. त्यामुळे साधं फ्री चुकीचा पत्ता पकडतं आणि प्रोग्राम कोसळतो.

आता माझी चूक. लाखो फाइलींवरून एका माणसाची परवानगी काढायची होती. प्रत्येक यादी मी नीट परत केली. पण नोंद कोणाची हे सांगणारं एसीएल_गेट_क्वालिफायरसुद्धा वेगळी मेमरी देतं, ती विसरलो. रात्री मेमरी भरली, कर्नलने प्रोग्राम मारला. सकाळी बघतो तर अर्ध्या फाइली त्या माणसाला अजून उघडत होत्या!

म्हणजे मेमरीची गळती ही नुसती स्पीडची भानगड नाही. कुणाची फाइल कुणाला दिसते, तेही त्यावर ठरतं. घेतलेली प्रत्येक मेमरी मोजा, एसीएल_फ्रीने परत करा.

चला, भेटू पुढच्या भागात!