'वाळु' आणि 'व्याळी'

दिवेलागण झाली की अलकापुरीच्या सोसायट्यांतून एकच प्रश्न दोन भाषांत ऐकू येतो. मराठी दारात 'जेवलात का?', गुजराती दारात 'जम्या?'. एखादी सौराष्ट्राकडील आजीबाई मात्र 'वाळु कर्युं?' असे विचारते आणि आपली मुले हसू लागतात. रात्रीच्या जेवणाला वाळू कशी खायची, हा त्यांचा प्रश्न!

या मुलांना आम्ही थोडे मागे नेऊ इच्छितो. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरस्वामींच्या रात्रीच्या भोजनास 'व्याळी' म्हटले आहे. गुजरातीतील 'वाळु', हिंदीतील 'ब्यालू' आणि आपली 'व्याळी' ही भावंडेच होत. त्यांचे मूळ 'विकाल', म्हणजे सायंकाळ, या संस्कृत शब्दाकडे नेले जाते. वेळेचेच नाव जेवणास मिळाले. बंगालीत तोच शब्द 'बिकेल' होऊन दुपार कलल्यानंतरच्या वेळेचा वाचक राहिला.

वेळ आणि जेवण यांची सांगड मात्र घरोघरी निराळी. चोविहार पाळणारे जैन कुटुंब सूर्यास्तापूर्वीच जेवण आटोपते. जुन्या मराठी घरात तिन्हीसांजेस अन्नाला हात लावीत नसत. आधी दिवा, शुभंकरोति, परवचा, आणि मग पाने मांडली जात. इंग्रजांचे 'डिनर' तर पूर्वी दुपारचे मुख्य जेवण होते. पुढे ते सरकत सरकत रात्रीवर आले.

सन १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांकडे आले, तेव्हापासून मराठी माणूस येथे रुजला. गुजरातीच्या सहवासाने आपली मराठी बिघडते, अशी तक्रार आपल्या मंडळींत नेहमी होते. येथे प्रकार उलटा आहे. आपण हरवलेला शब्द शेजाऱ्याने जपून ठेवला. आपल्याजवळ आता 'रात्रीचे जेवण' हे वर्णन तेवढे उरले आहे. शहरी गुजरातीतूनही 'वाळु' मावळू लागला असून दोन्ही घरांतील मुले 'डिनर' म्हणतात; तेही ज्याच्या त्याच्या सवडीने, हातात मोबाईल घेऊन.

घरातील सर्वांची पाने एका वेळी मांडली जावीत, एवढीच आमची वाचकांना विनंती. आणि त्या आजीबाईंना मुलांनी एकदा 'व्याळी झाली का?' असे विचारून पाहावे. भाषांतराची गरज पडणार नाही.