ईद सरकते, हिशेब चुकतो

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, अशी ताकीद कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे. त्यामुळे वहीचे महत्त्व आपल्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. परंतु लिहिलेली वही वाचावी कशी, हा प्रश्न उरतोच. कापड, चपला, अत्तर, खजूर यांच्या व्यापाऱ्यांसाठी तर तो भांडवलाचा प्रश्न आहे.

चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. आपल्याकडे रमजान ईद २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला झाली. हिशेब मात्र इंग्रजी तारखांप्रमाणे होतो. या तीन वर्षांच्या विक्रीची तारखेनुसार सरासरी काढली, तर तीन उंच शिखरे एकमेकांत मिसळून एक बुटकी, पसरट टेकडी दिसते. तशी विक्री एकाही वर्षी झालेली नसते! या सरासरीवर विसंबून माल भरणाऱ्याला ऐन गर्दीत माल कमी पडतो आणि ईदनंतर तोच पडून राहतो. मग उधारी फेडण्यासाठी व्याजाचे पैसे उचलण्याची पाळी येते.

संख्याशास्त्रात यावर उपाय आहे. वर्षाची विक्री म्हणजे ३६५ सुटे आकडे न मानता एक सलग रेषा मानायची. अशा माहितीला ‘फंक्शनल डेटा’ म्हणतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे प्रा. जेम्स रॅमसे आणि ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड सिल्व्हरमन यांचा या विषयावरील ग्रंथ १९९७ साली निघाला. या कामासाठी ‘आर’ या संगणकप्रणालीत ‘एफडीए’ नावाचा संच आहे, तर पायथॉनमध्ये ‘स्किकिट-एफडीए’. दोन्ही मोफत आहेत.

काम तीन टप्प्यांत होते. प्रथम रोजचे किरकोळ चढउतार काढून रेषा नितळ केली जाते. ती फार नितळ केली तर ईदचे शिखरही झिजते, म्हणून येथे जपावे लागते. नंतर प्रत्येक वर्षाची रेषा सरकवून ईदखाली ईद आणली जाते. शेवटी सरासरी काढून कोणत्या वर्षी गर्दी लवकर सुरू झाली, कोणत्या वर्षी ती जास्त झाली, हे वेगवेगळे पाहता येते.

सरावासाठी ‘एफडीए’ संचात अमेरिकेतील बर्कली येथील ५४ मुली व ३९ मुलांच्या उंचीच्या नोंदी आहेत. प्रत्येक मूल वेगळ्या वयात झपाट्याने वाढते. त्यामुळे वयानुसार सरासरी काढली की ती झपाट्याची वाढ सपाट होते. आपल्या ईदच्या विक्रीचे नेमके असेच होते.

अर्थात, वहीत रोजची नोंद नसेल तर संगणक काहीच करू शकत नाही. तसेच परीक्षा, पगाराची तारीख, पाऊस हे सारे इंग्रजी महिन्यांप्रमाणेच चालते. म्हणून वहीत इंग्रजी तारखेशेजारी हिजरी तारीखही लिहावी. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी प्रत्येक वर्षाची रेषा पारदर्शक कागदावर काढावी आणि ईदचा दिवस जुळवून कागद एकावर एक ठेवावेत. कारागिरांनी त्याच रेषेवरून ईदच्या किती दिवस आधी मागणी चढू लागते, हे मोजून कच्चा माल घ्यावा.

घरातील कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना तीन-चार वर्षांच्या वह्या देऊन हे काम सोपवावे. पुढच्या रमजानचा माल सांगण्यापूर्वी ते पूर्ण होईल, इन्शाअल्लाह.